उतरलेला खांदा बसवला, पण बरा कुणी केला?

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या तालमींचे वस्ताद आणि गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत फिजिओथेरपी करते. जन्म पलूस तालुक्यातला. आमच्या घराची मागची भिंत आणि तालमीची भिंत एकच. पहाटे चारला पलीकडून जोर मारणाऱ्या पोरांचे श्वास ऐकू यायचे, मग आई उठून दादासाठी बदाम वाटायला बसायची. हौद्यात नवी माती पडली की हळद, ताक, लिंबू आणि तेलाचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. सांगते एवढ्यासाठी, की हे पत्र तालमीबाहेरून कुणी डॉक्टरीण लिहितेय असं वाटू नये. मी तुमच्यातलीच आहे, आणि गेली काही वर्षं तुमच्या पोरांचे खांदे बघते आहे.

माझं म्हणणं एकच आहे. उतरलेला खांदा जागेवर बसला की तो बरा झाला, असं आपण धरून चालतो. तो बरा झालेला नसतो. बरं व्हायला चार-सहा महिने लागतात, आणि ते महिने आपण पोरांना देत नाही.

दादा अठरा वर्षांचा होता. गावच्याच यात्रेत, शेवटून तिसरी कुस्ती. समोरच्यानं झोळी भरून त्याला उचललं, खाली येताना यानं हात टेकला आणि तो हात तसाच राहिला. दुरूनसुद्धा दिसत होतं, खांद्याची गोलाई गेली होती आणि पुढे काखेजवळ फुगवटा आला होता. दादा दुसऱ्या हातानं कोपर धरून मातीत बसला. दोघांनी त्याला मागून आवळून धरलं, तिसऱ्यानं काखेत टाच लावून हात ओढला. खट्कन आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलगी परत सुरू झाली. घरी आणून हळदीचा लेप लावला, गळ्यात टॉवेल बांधला, आणि आठ दिवसांनी तो टॉवेलही सुटला.

तिसऱ्या आठवड्यात दादा तालमीत गेला. दुसऱ्या महिन्यात ढाक लावताना खांदा पुन्हा उतरला. मग विहिरीत पोहताना. मग अंगातला शर्ट काढताना. एकदा तर झोपेत कूस बदलताना, आणि त्या रात्रीचा त्याचा आवाज मला अजून आठवतो. मी अकरापर्यंत मोजलं, नंतर मोजणं सोडलं. पहिला एक्स-रे चौथ्या वेळी निघाला. ऑपरेशन झालं तेव्हा खांद्याच्या गोळ्याला खाच पडली होती आणि खोबणीची पुढची कड झिजून गेली होती, म्हणून जवळच्याच हाडाचा तुकडा कापून तिथं बसवावा लागला. कुस्ती तर त्याच्या कितीतरी आधी सुटली होती. आता दादा द्राक्षबाग बघतो. बागेतलं सगळं काम डोक्यावरच्या मांडवात, हात वर करून. विरळणीच्या दिवसांत अर्ध्या तासात त्याचा उजवा हात खाली येतो. मग वहिनी पुढं होते आणि तो घडांखालची पानं वेचत राहतो.

त्या दिवशी मैदानात कुणाचंही मन वाईट नव्हतं. ज्यानं हात ओढला तो आमच्या मायेचा माणूस. वस्ताद तर घरचं तूप घेऊन आठवडाभर रोज येत होते. पण खांदा उतरल्यावर आत काय तुटतं, हे त्या गर्दीत कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून ते आज सांगते.

खुब्याचा सांधा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा एका उथळ बशीला टेकलेला असतो. म्हणून तर हात इतका चौफेर फिरतो, आणि म्हणूनच तो इतक्या सहज निसटतो. बशीच्या काठाला कुर्चेची मऊ कड असते, तिला चिकटलेले बंध असतात, आणि वरून चार लहान स्नायू गोळ्याला बशीत दाबून धरतात. छातीचा आणि दंडाचा दिसणारा, फुगणारा मांसल भाग वेगळा, हे चार वेगळे. ते बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची कुणी दखल घेत नाही.

शंभरातले पंचाण्णवहून जास्त खांदे पुढच्या बाजूला उतरतात. गोळा पुढं सरकताना ती मऊ कड बशीपासून उचकटते, आणि बंध ताणले जातात. गोळा परत ढकलला तरी उचकटलेली कड आपोआप जागेवर चिकटत नाही. बैलगाडीचं निसटलेलं चाक आसावर पुन्हा चढवावं आणि टोकाची तुटलेली खीळ तशीच ठेवावी, असं ते असतं. गाडी चालू लागते, पण पुढच्या खड्ड्यापर्यंतच.

आणि इथं आपला एक समज पुरता उलटा आहे. ‘पोरगं कवळं आहे, लवकर भरून येईल’ असं आपण म्हणतो. मोडलेल्या हाडाच्या बाबतीत ते खरं आहे. उतरलेल्या खांद्याच्या बाबतीत वय जितकं कमी तितका तो पुन्हा उतरण्याचा धोका जास्त. विशीच्या आतला, अंगाला अंग भिडवणारा खेळ खेळणारा पोरगा असेल, तर पुन्हा न उतरणारे कमी आणि उतरणारेच जास्त. म्हणजे सगळ्यात जास्त सांभाळायचं ज्याला, त्यालाच आपण सगळ्यात आधी मातीत उतरवतो.

मैदानात खांदा उतरला तर ओढू नका. पाया पडून सांगते, ओढू नका. गोळ्याबरोबर हाड मोडलेलं असेल तर ते ओढण्यानं आणखी सरकतं, आणि मोडलंय की नाही हे एक्स-रेशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही. काखेतून हाताच्या नसा आणि मोठी रक्तवाहिनी जाते, टाच नेमकी तिथंच लागते. पोलिसांच्या बाहीवर जिथं बिल्ला असतो, त्या जागेची कातडी बधिर झाली असेल तर समजावं की नस दुखावली आहे. पोरानं हात ज्या अवस्थेत धरलाय तसाच राहू द्या, फेट्याची किंवा टॉवेलची झोळी करून अंगाशी बांधा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून चहापाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. जत, आटपाडीकडून सांगली-मिरज लांब पडतं हे मला माहीत आहे, पण एक्स-रेची सोय जिथं सगळ्यात जवळ असेल तिथं आधी न्या. एक एक्स-रे बसवण्याआधी आणि एक बसवल्यानंतर.

आता खरं पुढचं, कारण इथंच पोरं हातची जातात.

फिजिओथेरपी म्हणजे मशीन, असं बहुतेकांना वाटतं. पोरं येतात, कॉटवर आडवी होतात आणि म्हणतात, ‘मॅडम, करंट लावा.’ शेक आणि करंटनं दुखणं थोडं हलकं होतं, तेवढंच त्यांचं काम. खांदा धरून ठेवायचं काम स्नायूंचं आहे आणि ते स्नायू व्यायामानंच तयार होतात. हे पैलवानाला समजावून सांगावं लागू नये, पण लागतं, कारण हा व्यायाम त्याला व्यायाम वाटत नाही. दोनशे जोर मारणाऱ्या गड्याला मी रबराची पट्टी देऊन कोपर अंगाशी ठेवायला लावते आणि पंजा हळूहळू बाहेर फिरवायला सांगते. पंधराव्या वेळेला त्याचा हात थरथरायला लागतो. तोंड उतरतं त्याचं. मी म्हणते, बघ, हाच स्नायू तुझा खांदा राखणार होता.

पहिले एक ते तीन आठवडे झोळी, किती दिवस ते दुखापत बघून ठरतं. बोटं, मनगट आणि कोपर मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचे. पुढं वाकून हात लंबकासारखा सोडायचा, मग भिंतीवर बोटांनी चढायचं, मग रबर, मग पाठीच्या फऱ्यावरचे, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावरचे स्नायू, मग वजन, मग जोर, आणि अगदी शेवटी माती. पहिल्या दीड-दोन महिन्यांत एक गोष्ट करायची नाही. गोफण फिरवताना हात जसा खांद्याच्या उंचीला येऊन मागं जातो, तसा न्यायचा नाही. गोळा निसटायची तीच वाट आहे.

चौथ्या आठवड्यात दुखायचं थांबतं. वस्ताद, हा चौथा आठवडा फार वाईट. हात वर जातो, जेवता येतं, मोटारसायकल चालवता येते, आणि पुढच्या रविवारी कुठंतरी मैदान असतं. बापानं खुराकासाठी उसनवारी केलेली असते. पोरगं मला फोन करून सांगतं, ‘मॅडम, मी ओके आहे.’ मी नाही म्हणते, ते ऐकत नाही. मी कोण त्याची? ते ऐकतं फक्त तुमचं. तुम्ही ‘थांब’ म्हणालात तर ते सहा महिने थांबेल, आणि ‘बघ उतरून’ म्हणालात तर त्याच संध्याकाळी उतरेल. हे पत्र सरकारला किंवा डॉक्टरांना लिहिण्याऐवजी मी तुम्हाला लिहिते आहे, त्याचं कारण हे.

व्यायामानं सगळे खांदे वाचतात असंही मी म्हणणार नाही. कड फार उचकटली असेल किंवा हाड झिजलं असेल, तर ऑपरेशन करावंच लागतं, आणि तरुण पैलवानाला पहिल्याच वेळी ऑपरेशनचा सल्ला मिळाला तर घाबरून जाऊ नये. त्यानंतरही पुढची कसरत तीच, आणि कुस्तीला साधारण सहा महिने. ऑपरेशन करून घेतलं आणि व्यायाम सोडला, असे काही जण माझ्याकडे वर्षानं आलेत. त्यांचा हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता.

मग पोरगं तयार झालं हे ओळखायचं कसं? तारखेवर जाऊ नका. दोन्ही हात एकदम डोक्यावर न्यायला सांगा आणि मागून त्याची पाठ बघा. दोन्ही फरे सारखे सरकतात का, की एक पंखासारखा बाहेर येतो? कोपर अंगाशी ठेवून पंजा बाहेर ढकलायला लावा आणि तुम्ही आत दाबा. दुखरी बाजू चांगल्या बाजूच्या जवळजवळ बरोबरीला आली पाहिजे, शंभरात नव्वद तरी. भिंतीला टेकून, मग गुडघ्यांवर, मग पूर्ण जोर, न दुखता. गोफणीच्या अवस्थेत हात नेण्याची चाचणी मात्र तालमीत करू नका, ती आमच्यासाठी ठेवा. पण तुम्हाला एक गोष्ट नक्की दिसेल, ती म्हणजे पोराचे डोळे. हात मागं जाताना ज्याच्या चेहऱ्यावर भीती येते त्याचा खांदा अजून तयार नाही, तोंडानं तो काहीही म्हणो. तुम्ही पोरांचे डोळे वाचण्यात माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहात. ह्या सगळ्यातून पार झाल्यावर आधी एकट्याचे डाव, मग ओळखीच्या जोडीबरोबर बेतानं लढत, मग मैदान. ऑपरेशन नसेल तरी चार महिन्यांच्या आत हे क्वचितच जमतं.

न उतरलेले खांदे राखायचे, तर आपल्या मेहनतीकडेही बघावं लागेल. जोर ही सुंदर गोष्ट आहे, पण जोरानं छाती आणि खांद्याची पुढची बाजू वाढते. मागची बाजू तेवढी वाढत नाही. मग खांदे पुढं ओढले जातात आणि गोळ्याला मागून धरणारे स्नायू कमी पडतात. आपल्या जुन्या मेहनतीत याची भरपाई होती: दोर चढणं, मल्लखांब, फावड्यानं हौदा उकरणं, आणि मुद्गल. हलका मुद्गल हळू, पाठीमागून फिरवला की फऱ्याभोवतीचे सगळे स्नायू कामाला लागतात. कितीतरी तालमींत मुद्गल आता कोपऱ्यात उभे आहेत आणि त्यांच्यावर पोरं ओले टॉवेल वाळत घालतात. ते उचला. त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची जोड द्या. ट्यूब कापून खिडकीच्या गजाला बांधायची, काखेत गुंडाळलेला टॉवेल धरायचा आणि पंजा बाहेर ओढायचा, पंधरा वेळा, तीन फेऱ्या. जोर मारताना वर आल्यावर कोपर सरळ झाल्यावरसुद्धा थांबू नये, पाठ आणखी थोडी वर ढकलावी, म्हणजे फऱ्याखालचा स्नायू जागा होतो. रोज पंधरा मिनिटं लागतात याला, खर्च काहीच नाही.

कुस्तीच्या आधी दुखऱ्या खांद्यात इंजेक्शन मारून उतरणं सुरू झालंय, तेही तुमच्या कानावर असेल. दुखणं म्हणजे शरीराची आरोळी. ती बंद करून पोराला मातीत ढकललं तर फाटलेलं आणखी फाटतं आणि त्याला कळतही नाही. ज्या तालमीत हे चालतं तिथल्या वस्तादांना मी एवढंच विचारते, हा पोरगा पंचविशीत आला की तुम्ही त्याच्याकडे कसं बघणार आहात?

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत मुलींची महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा स्टेडियममध्ये आयाबाया पोरींना कडेवर घेऊन आल्या होत्या, मीही गेले होते. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुली वाढल्या, पण त्या उशिरा येतात. खांदा दुखतो म्हटलं की घरचे ‘पुरे झाली आता कुस्ती’ म्हणतील, या भीतीनं त्या महिनेच्या महिने गप्प बसतात. एक जण तर आईला न सांगता, शिकवणीच्या वेळेत येत होती. मुलींचे सांधे पुष्कळदा जात्याच लवचीक असतात, त्यामुळे त्यांच्या खांद्याला ताणण्यापेक्षा बळकटी जास्त हवी. तुमच्या तालमीत मुली असतील तर त्यांना एकदा बाजूला घेऊन विचारा, दुखतंय का म्हणून. वस्तादांनी विचारलं की त्या सांगतात.

आणि वस्ताद, तुमचा स्वतःचा खांदा? माझ्याकडे जुने पैलवान येतात, पन्नाशीतले. खुराक आणि मेहनत सुटल्यावर साखर वाढलेली असते, आणि खांदा हळूहळू जखडत गेलेला असतो. रात्री ठणकतो, हात पाठीमागे जात नाही. एका गृहस्थांनी खूप वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी मान खाली घालून सांगितलं, ‘लंगोटाची गाठ बांधता येत नाही.’ हा खांदा ओढून-ताणून, रगडून मोकळा होत नाही, उलट चिडतो. साखर ताब्यात ठेवून, सोसेल एवढाच रोज हलवत राहिलं तर तो सुटतो, पण वेळ घेतो, कधी वर्ष, कधी दीड. लाजू नका, या.

यात्रा कमिटीच्या मंडळींना मागणं थोडकं आहे. वर्गणी तुम्ही गोळा करता, इनाम तुम्ही ठरवता, जोडी तुमच्या माणसांसमोर लागतात. जोड लावताना वजन आणि तालीम विचारता, तसं एक विचारा: खांदा कधी उतरला होता का, आणि कधी? चार महिन्यांच्या आतला असेल तर त्याची कुस्ती लावू नका, फार तर येण्याजाण्याचा खर्च हातात द्या. आंतरराष्ट्रीय नियमांत सांधा उलटा पिरगाळणाऱ्या पकडींना मनाई आहे. आपल्या मातीतही पंचांनी अशा वेळी शिट्टी लवकर वाजवावी, लोक ओरडले तरी. मैदानाच्या कडेला एक रुग्णवाहिका, एक नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट, चार झोळ्या आणि एक बर्फाची पेटी ठेवा. शेवटच्या कुस्तीच्या इनामाकडे बघितलं तर याचा खर्च किरकोळ आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या, महाराष्ट्रात आमची नोंदणी करणारी परिषद आहे. मी साडेचार वर्षं शिकले तेव्हा मला तो क्रमांक मिळाला, आणि तो विचारल्याचा कुठल्याही खऱ्या फिजिओथेरपिस्टला राग येणार नाही.

आपल्या खेळात हार कशाला म्हणतात? दोन्ही खांदे मातीला लागले की. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानपासून कुंडलच्या मैदानापर्यंत सगळा जिल्हा पोरांच्या खांद्यांवरच डोळे लावून बसतो. दादाचे खांदे मैदानात फार थोड्या वेळा लागले होते. त्याची कुस्ती गेली ती आठ दिवसांत सोडलेल्या टॉवेलमुळे.

रविवारी माझा दवाखाना बंद असतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही तालमीनं बोलावलं तर पहाटेच्या मेहनतीला मी येईन, मानधन नको. ट्यूबा कापून आणेन, मुद्गल तुमचे असतीलच. दादाही येणार म्हणतोय. आजवर तो तालमीच्या वाटेनं जायचं टाळत होता. हे पत्र वाचून दाखवल्यावर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, आपल्याच तालमीपासून सुरू करू. तुम्ही फक्त जोर झाल्यावर पोरांना पंधरा मिनिटं घरी सोडू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका पैलवानाची धाकटी बहीण
मिरज